वाळवंटातल्या हॉटेलात आपण उतरावे काय?



या वेळच्या पत्रांत एक पत्र नालासोपारा पूर्वेहून आले आहे. लिहिणारी मुलगी एका खाजगी कंपनीत हिशेबाचे काम करते. वडील पश्चिम रेल्वेच्या गँगमधून निवृत्त झाले. विरार ते पालघर पट्ट्यात त्यांनी तीस वर्षे रूळ सांभाळले. आईने चार घरची धुणीभांडी करून दोन्ही मुलींना शिकवले. येत्या जानेवारीत आईवडिलांच्या लग्नाला चाळीस वर्षे होत आहेत. मुलीने वर्षभर पैसे साठवले आहेत आणि दोघांना राजस्थानच्या वाळवंटातल्या एका भारी हॉटेलात दोन रात्री ठेवायचा तिचा बेत आहे. आईने फोनवर त्या हॉटेलची चित्रे पाहिली आणि काहीच बोलली नाही. वडील मात्र बोलले. ते म्हणाले, "अशा ठिकाणी आपल्या माणसाने गाद्या घालायला जायचे असते, गादीवर झोपायला नाही. ते पैसे विहाराच्या पत्र्याला दे."

मुलगी लिहिते, "ताई, बाबांना मी चैन करायला नेत नाही. पण मग कशाला नेते, ते मला नीट सांगता येत नाही. तुम्ही सांगा."

सांगण्याचा प्रयत्न करते. सुरुवात मात्र राजस्थानपासून न करता बडोद्यापासून करते, कारण जोधपूरची गाडी बडोद्यावरूनच जाते.

1917 साली बाबासाहेब न्यूयॉर्क आणि लंडनला शिकून परतले आणि शिष्यवृत्तीच्या करारानुसार बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू व्हायला गेले. परदेशात राहून आपण अस्पृश्य आहोत ही गोष्ट मनातून जवळजवळ पुसली गेली होती. बडोदा स्टेशनवर उतरताच पहिला प्रश्न पुढे आला, तो म्हणजे राहायचे कोठे? हिंदू हॉटेलात जागा मिळणार नाही हे ठाऊक होते. एका पारशी धर्मशाळेत गेले. व्यवस्थापक म्हणाला, ही जागा फक्त पारशांची. शेवटी त्या वहीत एक खोटे पारशी नाव लिहून, जेवणखाण धरून दीड रुपया रोजाने त्यांना जागा मिळाली. वरच्या मजल्यावर एक लहान खोली, शेजारी नळाची मोरी, आणि बाकी सगळा मोठा दिवाणखाना मोडक्या सामानाने भरलेला. विजेचा दिवा नाही. रात्री कंदिलाच्या उजेडात ते एकटे वाचत बसत. अकराव्या दिवशी सकाळी कामावर निघण्याच्या वेळी दहाबारा पारशी लाठ्या घेऊन जिना चढून आले. संध्याकाळपर्यंत जागा खाली कर, नाहीतर परिणाम भोग, असे बजावून गेले. बाबासाहेबांनी दोन मित्रांना विचारले, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. दोघांनीही आपापल्या परीने नकार दिला. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. मधले पाच तास त्यांनी कामाठी बागेत काढले. तिलाच आज सयाजीबाग म्हणतात.

हे सारे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेले आहे आणि आपल्यापैकी पुष्कळांनी ते वाचलेही असेल. पण नकाशा घेऊन कोणी पाहिले आहे काय? बडोद्याहून मुंबईला येणारी गाडी त्या काळीही याच मार्गाने येई. म्हणजे त्या रात्री अंधारात केव्हातरी ती गाडी आपल्या विरारवरून, नालासोपाऱ्यावरून, वसईवरून आणि खाडीच्या पुलावरून गेली. मुली, तुझ्या वडिलांनी तीस वर्षे सांभाळलेला मार्ग तोच. दीड रुपया रोज देऊनसुद्धा ज्या माणसाला खोली मिळाली नाही तो माणूस त्या मार्गावरून परत गेला, आणि पुढे त्यानेच देशाच्या राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद भूषवले.

त्या घटनेतले पंधरावे कलम पुष्कळांना नोकरी आणि शिक्षणाच्या संदर्भात ठाऊक असते. त्याचे दुसरे उपकलम मात्र घरात मोठ्याने वाचण्याजोगे आहे. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांच्या कारणावरून कोणत्याही नागरिकाला दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीची ठिकाणे यांत जाण्यापासून अडवता येणार नाही, असे त्याचा पहिला भाग सांगतो. दुसऱ्या भागात विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते येतात. सरकारी पैशाने चालणारे किंवा लोकांसाठी खुले केलेले. हॉटेल आणि पाणवठा हे दोन्ही एकाच उपकलमात शेजारी शेजारी बसले आहेत. ज्याने बडोद्याची खोली सोडली आणि महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्याला हे दोन विषय वेगळे वाटलेच नसणार, असे मला वाटते.

आता वाळवंटाकडे वळते. जोधपूरचा उमेद भवन राजवाडा आपल्यातल्या बऱ्याच जणांनी सिनेमात किंवा मोठ्या लोकांच्या लग्नाच्या बातम्यांत पाहिलेला असतो. चित्तर टेकडीवर त्याच भागातल्या दगडाने बांधलेली 347 खोल्यांची इमारत. महाराजा उमेदसिंहांनी 1929 साली पायाचा दगड बसवला आणि 1943 साली काम संपले. मारवाडात दुष्काळ पडला होता, लोकांच्या हाताला काम नव्हते, म्हणून हा राजवाडा बांधायला काढला, असे सांगितले जाते, आणि ते खोटेही नाही. दोन-तीन हजार माणसे कित्येक वर्षे तिथे दगड वाहत होती. त्यांच्या चुली त्यावर पेटल्या. आज त्या इमारतीच्या एका भागात राजघराणे राहते, एका भागात संग्रहालय आहे आणि एका भागात ताज समूहाचे हॉटेल.

हे वाचले की मला दुसरे एक दुष्काळी काम आठवते. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यातल्या गोरेगावला रोखपाल होते. तिथेही दुष्काळात माणसे मरत होती म्हणून सरकारने काम काढले होते, पण ते तलाव खोदण्याचे. 1901 साली लहानगा भीमराव भाऊ आणि भाच्यांबरोबर वडिलांना भेटायला निघाला तो याच तलावाच्या गावी. मसूर स्टेशनवर उतरले. जात कळताच गाडीवान मिळेना. दुप्पट भाडे कबूल केले तेव्हा एक गाडी मिळाली, तीही मुलांनी स्वतः हाकायची अशा अटीवर. रात्री जकात नाक्यावर थांबले. डबा भरलेला होता, पण पाणी मिळाले नाही, आणि मुले भरल्या डब्यापाशी उपाशी झोपली. सातारा जिल्ह्यात वाळूचे वाळवंट नाही. तहानलेल्या पोरांना त्या रात्री त्याने काय फरक पडला?

एका दुष्काळात तलाव निघाला, दुसऱ्या दुष्काळात राजवाडा निघाला. दोन्हींत खपणारे हात गरिबांचेच होते. म्हणून त्या वडिलांना माझे पहिले सांगणे असे की, दादा, आपल्या माणसाने तिथे फक्त गाद्या घालायला जायचे असे आपण म्हणता. पण ज्यांनी ते दगड चढवले त्यांची नातवंडे त्या छताखाली एक रात्र झोपली तर कोणाचे काय बिघडते? राजवाड्याच्या भिंतीवर मालकी राजाची असेल, घाम त्याचा नाही.

आणि हे दुखणे एकट्या आपल्या देशाचे नाही. अमेरिकेत नेवाडाच्या वाळवंटात लास व्हेगास नावाचे शहर आहे. तिथल्या आलिशान हॉटेलांत नॅट किंग कोल, सॅमी डेव्हिस ज्युनियर असे थोर कृष्णवर्णीय गायक रात्री गात. गोरे श्रोते टाळ्या वाजवीत. कार्यक्रम संपला की गायकाने मागच्या दाराने निघून शहराच्या पश्चिमेच्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत खाणावळीत जाऊन झोपायचे. ज्या हॉटेलच्या पाटीवर त्याचे नाव दिव्यांनी लिहिलेले, त्याच हॉटेलात त्याला खोली नाही! 1955 साली मे महिन्यात मुलां रूज नावाचे एक हॉटेल निघाले, जिथे काळे-गोरे एकत्र उतरू शकत. ते काही महिन्यांतच बंद पडले. पण मार्च 1960 मध्ये कृष्णवर्णीय पुढाऱ्यांनी मोर्च्याचा इशारा दिला तेव्हा हॉटेलवाले वाटाघाटीला आले, आणि बैठक त्याच बंद पडलेल्या हॉटेलात झाली. त्यानंतर बड्या हॉटेलांची दारे उघडली. देशभराचा कायदा व्हायला 1964 साल उजाडावे लागले. आपल्याकडे तो हक्क 26 जानेवारी 1950 लाच कागदावर आला होता, हे लक्षात घ्या. कागदावर, असे मी मुद्दाम म्हणते. हॉटेलात मज्जाव करणे हा गुन्हा ठरायला 1955 चा अस्पृश्यता गुन्हे कायदा यावा लागला, ज्याला 1976 पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात.

वडिलांचे दुसरे म्हणणे पैशाचे आहे, आणि ते मी हसण्यावारी नेणार नाही. विहाराचे पत्रे गळतात हे खरे. अशा हॉटेलांचे एका रात्रीचे भाडे आपल्यापैकी कित्येकांच्या महिन्याच्या पगाराएवढे, कधी त्याहून जास्त असते. कर्ज काढून, हप्ते बांधून कोणी जाणार असेल तर मी सरळ नको म्हणेन. धाकट्या बहिणीची फी बाकी असेल तर आधी ती भरावी. पण या मुलीने स्वतःच्या पगारातून साठवलेले आहेत आणि ते तिने आईवडिलांवर खर्च करायचे ठरवले आहे. साधेपणाच्या नावाखाली आपणच आपल्याला खालची पायरी नेमून देतो, ते मला पटत नाही. 1927 च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी आपल्या माताभगिनींना काय सांगितले होते? जातीची ओळख सांगणारे ते जड दागिने टाका, लुगडे नीट नेसा, स्वच्छ राहा. ज्या माउल्यांना दोन वेळची भाकर मिळत नव्हती त्यांना हे सांगितले. ते स्वतःही नीटनेटका सूट घालीत. त्याला कोणी चैन म्हणत असेल तर म्हणो बापडा.

विहाराचे म्हणाल, तर दान आईवडिलांच्या नावाने याच जानेवारीत करा. दोन रात्रींऐवजी एक रात्र राहा आणि दुसऱ्या रात्रीचे पैसे पत्र्याला द्या. भांडण तिथे मिटते.

मात्र एक गोष्ट मला टोचते. ती पाण्याची. जैसलमेरला वर्षभरात साधारण वीस सेंटिमीटर पाऊस पडतो. आपल्याकडे तेवढा जुलैमध्ये एका दिवसातही कोसळतो. आणि तरीही वाळवंटातल्या भारी हॉटेलच्या अंगणात निळाशार पोहण्याचा तलाव असतोच. जैसलमेर आणि जोधपूरला येणारे पाणी पंजाबातल्या हरिके बंधाऱ्यापासून निघालेल्या इंदिरा गांधी कालव्याचे. शेकडो किलोमीटर चालून आलेले. कालव्याचे काम 1958 साली सुरू झाले, तेव्हा त्याचे नाव राजस्थान कालवा होते. तळपत्या वाळूत तो खोदणारे मजूर कोण होते, हे मी तुम्हाला सांगायला नको. त्याच मारवाडात, जालोर जिल्ह्यातल्या सुराणा गावी, 2022 च्या ऑगस्टमध्ये मेघवाळ समाजाचा नऊ वर्षांचा विद्यार्थी शिक्षकाच्या मारहाणीनंतर दगावला. माठातले पाणी प्याला म्हणून मारले, असा घरच्यांचा आरोप होता. स्वातंत्र्याच्या पंचाहत्तरीच्या आठवड्यातली ही गोष्ट. तलाव निळा असला तरी माठ अजून कोणाकोणाचा वेगळा आहे, ते त्या प्रदेशात जाताना माहीत असावे.

पाण्यावरून जातकातली एक गोष्ट आठवली. वण्णुपथ जातक. (त्यातली पूर्वजन्माची जोडणी बाजूला ठेवा, गोष्ट म्हणून ऐका.) साठ योजनांचे वाळवंट. दिवसा वाळू निखाऱ्यासारखी तापते म्हणून तांडा रात्री ताऱ्यांच्या खुणेने चालतो. आता एकच रात्र उरली म्हणून त्यांनी जवळचे पाणी आणि सरपण टाकून दिले. रात्री वाटाड्याला झोप लागली, बैल उलटे फिरले, आणि पहाटे पाहतात तो तांडा कालच्याच मुक्कामावर! पाणी नाही. सगळे गाड्यांखाली आडवे झाले. तांड्याचा नायक तेवढा हिंडत राहिला. त्याला कुश गवताचे एक झुडूप दिसले. गवत आहे म्हणजे खाली पाणी असणार. साठ हात खणले तर खडक लागला. माणसांनी हात टेकले. नायकाने खडकाला कान लावला, खाली पाणी वाहत असल्याचा आवाज ऐकला आणि आपल्या पोरसवदा चाकराला सांगितले, तू खाली उतर आणि घण घाल. त्या पोराने घाव घातला आणि पाण्याची धार ताडाएवढी उसळली. सगळे प्याले, न्हाले, बैलांना पाजले, अन्न शिजवले.

या गोष्टीत नायकाचे शहाणपण सगळेच सांगतात. घण घालणारा पोर चाकर होता हे सांगायचे राहून जाते.

आपल्या वसई-विरार भागातली कितीतरी मुले आज असाच घण घालतात, फक्त तो हॉटेलातला असतो. मुंबईत, गोव्यात आणि समुद्रापलीकडे दुबई, कतार, ओमानच्या वाळवंटात. खोल्या लावणे, भांडी, धुलाई, बाग. तिथे पाणी समुद्राचे गोड करून वापरतात, उन्हाळ्यात दुपारी रस्त्यावर उभे राहवत नाही. अमिरातीत 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करवून घेण्यास बंदी आहे, एवढा तो उन्हाळा. ज्या घरातून मुलगा अशा नोकरीला निघाला आहे त्या घराने एवढे पाहावे की, एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला आहे की नाही, त्याचा परवाना क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट यादीत सापडतो की नाही. नोंदणीकृत एजंटाला 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त फी घेता येत नाही. लाख-दीड लाख मागणाऱ्याला दारातूनच जयभीम करा. दहावी नापास मुलाच्या पासपोर्टवर आखाती देशांसाठी वेगळी मंजुरी लागते. पर्यटक व्हिसावर चल, तिथे गेल्यावर बघू, असे म्हणणारा फसवतो आहे.

आता मुलीच्या बेतातल्या व्यवहाराच्या चार गोष्टी. जाण्याचे दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जानेवारीत वाळवंटातली रात्र आपल्या अंगाला सोसत नाही. आईसाठी लोकरीची शाल, कानटोपी आणि पायमोजे घ्या, दिवसा मात्र ऊन लागते. खोलीचे भाडे 7,500 रुपयांच्या वर असेल तर त्यावर 18 टक्के जीएसटी पडतो, तो धरून हिशेब करा. नाश्ता-जेवण भाड्यात आहे की वेगळे, ते आधी लेखी घ्या. बिलात सेवाशुल्क आपोआप लावता येत नाही, असा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचा 2022 चा नियम आहे, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने तो मार्च 2025 मध्ये उचलून धरला. ते शुल्क काढायला सांगा आणि तेवढे पैसे खोली साफ करणाऱ्या बाईच्या हातात द्या. आईला हे मला सांगावे लागणार नाही. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्याच्या घरचे केर काढले ती सकाळी उठून स्वतःच पलंग आवरायला लागेल, एवढेच सांभाळा. तिला दोन दिवस बसू द्या!

राजवाड्याचे भाडे झेपत नसेल तर उमेद भवनचे संग्रहालय तिकीट काढून पाहता येते आणि गावात बऱ्यापैकी साधी हॉटेले आहेत. जैसलमेरपासून चाळीसेक किलोमीटरवर सम येथे वाळूच्या टेकड्यांजवळ तंबूंचे मुक्काम असतात, ते पुष्कळ स्वस्त पडतात. काही ठिकाणी रात्रभर कर्णे लावून सिनेमाची गाणी वाजवतात. तसे असेल तर आधी चौकशी करून दुसरे पाहा. तिथे मांगणियार गायक येतात. पिढ्यान्‌पिढ्या यजमानांच्या दारात गाणारी ही मुसलमान कलावंत मंडळी. त्यांचे गाणे सिनेमाच्या गाण्यापेक्षा शंभर पटींनी चांगले. त्यांच्यासमोर बसून ऐका, उभे राहून फोटो काढत बसू नका.

आणि कोठे आडनाव ऐकून खोली नाही म्हटले, वेगळे भांडे दिले, अपमान केला, तर गप्प परत येऊ नका. तारीख, वेळ, बोलणाऱ्याचे नाव लिहून ठेवा, बुकिंगची पावती जपा. नागरी हक्क संरक्षण कायदा आणि 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा राजस्थानातही तेवढाच लागू आहे. 14566 हा केंद्र सरकारचा बिनखर्ची दूरध्वनी क्रमांक त्यासाठीच आहे. फोनमध्ये आजच टिपून ठेवा, प्रवासाला जाणार नसाल तरी.

वांद्रे टर्मिनसहून सुटणारी सूर्यनगरी एक्स्प्रेस जोधपूरला नेते. परतीचे आरक्षण एकदम न करता दोन टप्प्यांत करा, जोधपूर ते वडोदरा आणि वडोदरा ते बोरिवली, मध्ये पाच-सहा तास ठेवून. वडोदरा स्टेशनपासून सयाजीबाग चालत जाण्याजोगी आहे. बाबासाहेब जिथे बसले ती जागा आपले लोक संकल्प भूमी म्हणून ओळखतात आणि 23 सप्टेंबरला तिथे जमतात. जानेवारीत गर्दी नसेल. बाबांना तिथे थोडा वेळ एकटे बसू दे, आणि राजवाड्यातल्या खोलीची पावती त्यांच्याच खिशात राहू दे.